कमाटीबागेतल्या प्राण्यांचा वाली कोण?

रेवाकाठ (धागाकर्ती)
शुक्रवार, रात्री ९.४०

कमाटीबागेतलं प्राणीसंग्रहालय शहराबाहेर हलवा. कुठल्या तरी कंपनीला चालवायला द्या. बंदच करून टाका. आहे तिथेच नीट करा. ही चारही मतं मी हल्ली ऐकली, आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं इतकं उघड वाटत होतं की पुढे बोलायची सोयच नव्हती. म्हणून हा धागा.

बडोद्याबाहेरच्यांसाठी थोडं आधीचं सांगते. बाग १८७९ची. श्रेय आपण सगळं सयाजीरावांना देतो, पण तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते. पूर्ण अधिकार त्यांना १८८१च्या अखेरीस मिळाले, तोवर कारभार दिवाण सर टी. माधवरावांच्या हाती होता. (हे मी सयाजी जयंतीच्या भाषणात बोलले तर मला खाली बसवतील.) विश्वामित्रीच्या काठी बाग झाली, पिंजरे आले, रयतेला आत सोडलं. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आज बाग महानगरपालिकेची आहे. म्हणजे इथे मालक एकदा बदलून झालाय. प्राण्यांनी राजाचंही खाल्लं, आता कॉर्पोरेशनचं खातायत.

बघणाऱ्यांची नजर मात्र त्याहून जास्त बदलली आहे. मी शाळेत शिकवते. पूर्वी सहलीत मुलं विचारायची, "टीचर, वाघ कुठाय?" मागे एका गावच्या प्राणीबागेत (नाव घेत नाही) पाचवीतल्या मुलीनं विचारलं, "हा सारखा त्याच रेषेत का चालतोय?" बिबट्या होता. जाळीपासून ओट्यापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. वळताना मान दर वेळी डावीकडे. वळायच्या जागेवरची माती घासून गुळगुळीत झाली होती. तेवढं ती बघून उभी होती, बाकीची पोरं पुढे मोराकडे गेली.

तर प्रश्न असा: लोकांची नजर बदलली की प्राणीबागेनं काय बदलायचं? आणि मालक बदलला की काय बदलतं? बडोद्याचं बोला, बाहेरचंही चालेल. फक्त "माणूसच खरा जनावर" छापाचे प्रतिसाद नकोत.

---

खारीवावकाका
शुक्रवार, रात्री १०.१५

रेवाताई, नजर बदलते हे आपल्या गावाइतकं कुठल्या गावानं पाहिलं असेल? पाणीगेटचं अगड आठवा. तिथे हत्तींची साठमारी व्हायची. सयाजीरावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या काळात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला येऊन राहिला होता, त्यानं हत्तींच्या झुंजींचं वर्णन लिहून ठेवलंय. गेंड्यांच्या झुंजीसुद्धा होत. गाव लोटायचं बघायला. त्यात कुणाला क्रौर्य दिसत नव्हतं, दरबाराची शान दिसत होती. खंडेराव १८७०ला गेले आणि १८७९ला कमाटीबाग. म्हणजे नऊ वर्षांत जनावर झुंजवायची वस्तू होती ती बघायची वस्तू झाली. तो काळ लक्षात घेता ही मोठी सुधारणा होती.

आमच्या लहानपणी प्राणीबागेत जायचं म्हणजे फुटाण्यांची पुडी घेऊन. माकडाला दाणे टाकले नाहीत तर पैसे फुकट गेले असं वाटायचं. आज नातू माझ्या हातातली पुडी काढून घेतो आणि पाटी वाचून दाखवतो. वन्यजीव कायद्याचं कलम ३८ जे: प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आरडाओरडा करून त्रास देणं, कचरा टाकणं, सगळं गुन्हा. नातवाचं बरोबर आहे. पण मला माकडं आवडायची हेही खोटं नव्हतं.

हलवण्याला माझा सक्त विरोध. कारण उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

---

मुक्तछंद
शुक्रवार, रात्री ११.०५

काका, झुंजीपेक्षा पिंजरा बरा, मान्य. पण मग पिंजऱ्यापाशीच का थांबायचं?

कायदा कुठल्या दिशेला चाललाय बघा. १९९८ला अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी आली. २००९च्या नोव्हेंबरात केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं सांगितलं, प्राणीबागांत हत्ती ठेवू नका, त्यांना कॅम्पात पाठवा, कारण त्यांना चालायला जागा लागते आणि ती तुमच्याकडे नाही. २०१३च्या मे महिन्यात केंद्रानं डॉल्फिनच्या खेळांना परवानगी द्यायची नाही असं धोरण ठरवलं. हत्तीला जागा पुरत नाही हे कळलं, डॉल्फिनला कळलं. बिबट्याला पुरते असं कुणी मोजलंय?

आणि "मुलांना शिक्षण मिळतं" हे तर नकोच. रविवारी दुपारी कुठल्याही वाघाच्या पिंजऱ्यापुढे उभे राहा. लोक शिट्ट्या मारतात, पाठ करून सेल्फी काढतात आणि "झोपलाय रे" म्हणून पुढे जातात. काय शिकले?

माझं मत: नवीन प्राणी आणू नयेत. आहेत ते सुखानं म्हातारे होऊ द्यावेत. मग बागेत झाडं, पाखरं आणि म्युझियम पुरे.

---

गुरांचा_डॉक्टर
शनिवार, सकाळी ७.२०

पशुवैद्य आहे, निवृत्त. बडोद्यात नोकरी नव्हती, दुसऱ्या राज्यातल्या बागेत होतो.

मुक्ताबाई, "सुखानं म्हातारे होऊ द्यावेत" हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, माझी निम्मी नोकरी त्यात गेली. १९९८ची बंदी आली, खटले चालले, २००१ला सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. चांगलं झालं. मग सर्कशीतले सिंह-वाघ कुठे गेले? बंदी घालणाऱ्याला टाळ्या मिळतात, सिंह मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जेवायला मागतोच. त्यांच्यासाठी विशाखापट्टणम, बन्नेरघट्टा, तिरुपती अशा ठिकाणी बचाव केंद्रं काढावी लागली. त्यातले बरेच सिंह आशियाई आणि आफ्रिकी असे संकरित. गीरच्या सिंहांची वंशशुद्धी बिघडायला नको म्हणून त्यांची पैदास बंद. जंगलात सोडायची सोय नाही, कुणी बघायला येत नाही म्हणून तिकीट नाही, फोटो नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. सिंह बंदिवासात वीस वर्षं सहज काढतो. एवढी वर्षं रोजचं मांस, औषध, माणूस. ते कुणी दिलं? सरकारनं, चिकाटीनं, कुणाचं लक्ष नसताना.

म्हणून बंद करा म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, पुढच्या वीस वर्षांचं बिल कुणाच्या नावावर?

आता येरझाऱ्यांबद्दल. पोरीनं बरोबर ओळखलं. ती सवय एकदा लागली की मोठ्या आवारात नेऊनही पुष्कळदा सुटत नाही, म्हणून लागूच न देणं महत्त्वाचं. जनावराला कंटाळा येतो हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही शिकलो जंत, लसी, भूल. नंतर ‘एनरिचमेंट’ आलं, आणि आमच्याकडचे जुने रखवालदार आधी हसले. उन्हाळ्यात अस्वलाला कलिंगड सरळ द्यायचं सोडून बर्फाच्या लादीत गोठवून द्यायचं ठरलं. अस्वलानं लादी पंजानं ढकलून पाहिली, मग चाटली, मग पोटाशी धरून फतकल मारून बसलं. वितळलेलं पाणी प्यायचं, नखानं कडा उकरायचा. आतल्या फोडीपर्यंत पोचायला त्याचा अर्धा दिवस गेला आणि तेवढ्या वेळात ते एकदाही कुंपणाला घासलं नाही. त्यानंतर आमचा सगळ्यात खडूस रखवालदार घरून मध घेऊन यायला लागला, लाकडाच्या भोकांत भरायला.

दुसरं, रक्त काढणं. पूर्वी वाघाला दाबपिंजऱ्यात घ्यायचं, एक बाजू सरकवत आणायची, तो आरडाओरडा करायचा, आमचेही हात थरथरायचे. आता मांसाच्या तुकड्यावर शिकवतात: जाळीला अंग लावून आडवा होतो, शेपटी फटीतून बाहेर येते, शेपटीच्या शिरेतून रक्त घ्यायचं, तुकडा द्यायचा. शिकवायला महिने लागतात. यातलं काहीच प्रेक्षकाला दिसत नाही, आणि बाग सुधारली की नाही हे तर इथेच कळतं.

---

कात्रजची_मीनल
शनिवार, सकाळी १०.०२

हलवण्याच्या बाजूनं एक पुणेरी मत. आमच्या पिढीचं पेशवे पार्क म्हणजे फुलराणी (मुलांची छोटी आगगाडी) आणि पिंजरे, सारसबागेच्या शेजारी, चारी बाजूंनी ट्रॅफिक. १९९९ला कात्रजला नवी बाग सुरू झाली आणि पुढे प्राणी तिकडे हलवले. तेव्हा घरी हळहळ झाली होती, "आता कोण जाणार एवढं लांब?" आज कात्रजला तळं आहे, मोठी आवारं आहेत, रविवारी गर्दीनं पाय ठेवायला जागा नसते. पेशवे पार्कात फुलराणी अजून धावते आणि मुलांचं काही अडलेलं नाही.

बडोद्याला तर वरून पूर आहे. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्रीचं पाणी गावभर झालं तेव्हा छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो आम्हालाही आला होता. नदीकाठच्या बागेत बंद असलेल्या हरणानं अशा वेळी काय करायचं? मगर निदान पोहते तरी.

---

खारीवावकाका
शनिवार, दुपारी १२.३०

मीनलताई, पुराचा मुद्दा खणखणीत आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. उंचवटे, पूर यायच्या आधी हलवायची तयारी, जे काय असेल ते हवंच.

पण हलवण्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. कमाटीबाग स्टेशनपासून पायी. गावाकडून दवाखान्याला आलेला माणूस परतीच्या गाडीला दोन तास असले की पोरांना घेऊन बागेत येतो. मांडवीतली, वाडीतली, फतेहगंजातली माणसं रिक्षा न करता येतात. इकडे आपल्याकडून नव्वदेक किलोमीटरवर केवडियाला जंगल सफारी आहे, ३७५ एकर, २०२०ला सुरू झाली. जाऊन आलो, सुरेख आहे, पाखरांच्या भल्यामोठ्या जाळीघरात तुम्ही आत आणि पाखरं डोक्यावरून. पण गाडी, तिकिटं, जेवण धरून चार माणसांचा दिवस किती रुपयांना पडतो याचा हिशोब करा. ते दिवाळीच्या सुट्टीतलं काम. माझ्या गल्लीतली धुण्याभांड्याची मावशी तिथे जाणार नाही.

मुंबईच्या राणीबागेचं बघा. १८६२ची बाग. २०१६ला हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांच्यासाठी थंडगार दालन बांधलं, आणि २०१७ला मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं. केवढी बोंबाबोंब झाली होती! पेंग्विनला चांगलं ठेवायचं तर पैसा लागतो हेही खरं. पण "नजर बदलली" म्हणतो तेव्हा ती कुणाची, हेही विचारावं. तिकीट परवडणाऱ्याची बदलते आणि बाग त्याच्या मापाची होत जाते.

---

काचेपल्याड
शनिवार, दुपारी ३.१०

माशांकडे कुणी बघतच नाही म्हणून लिहितो. माझा फिशटँकचा धंदा आहे, अलकापुरीकडे.

वाघासाठी सगळे हळहळतात. पण तेच लोक माझ्याकडे येऊन गोल बाउल मागतात, वाढदिवसाला द्यायला, त्यात एक गोल्डफिश. मी देत नाही. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो, बाउलमध्ये फिल्टर बसत नाही, अमोनिया चढतो आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. मुलांना वाटतं गातोय. तो गुदमरत असतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा मासा लोक आठवड्यात मारतात आणि दुसरा न्यायला येतात.

मोठ्या मत्स्यालयांचंही असंच. मुंबईचं तारापोरवाला १९५१चं, दानातून उभं राहिलं, आमच्या वडिलांच्या पिढीचं मुंबई दर्शन त्याशिवाय पुरं व्हायचं नाही. अहमदाबादच्या सायन्स सिटीत २०२१ला नवं सुरू झालं, ६८ टाक्या आणि २८ मीटरचा बोगदा, डोक्यावरून शार्क जातो. बघणारा खूश होतो कारण काच दिसतच नाही. पण आत काय आहे? समुद्र नसलेल्या गावात खारं पाणी तयार करायचं, थंड ठेवायचं, चोवीस तास फिरवायचं, वीज गेली तर जनरेटर क्षणात लागला पाहिजे. वाघाचा रखवालदार संपावर गेला तर दुसरा बोलावता येतो. इथे पंप थांबला की काही तासांत टाकी संपली. सरकार असो की कंपनी, उद्घाटनाच्या बजेटमध्ये टाकी येते, पुढच्या पंधरा वर्षांचा मेंटेनन्स येतो का ते बघा.

मी प्रवाळातल्या माशांबद्दल गिऱ्हाइकाला एकच सांगतो, क्लाउनफिश घ्या, तो टाकीत पैदा होतो. बाकीचे बहुतेक अजून समुद्रातून धरून आणतात. धंद्यात तोटा होतो, होऊ दे.

---

पंचगंगा
शनिवार, संध्याकाळी ६.४५

कोल्हापूरकडून. तुमच्या अगडासारखी साठमारी आमच्याकडेही आहे, पण मी वेगळंच सांगायला आलोय.

नांदणी मठाची महादेवी. आम्ही तिला माधुरी म्हणायचो. १९९२पासून मठात. २०२५च्या जुलैत आधी उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तिला जामनगरच्या वनतारात, म्हणजे रिलायन्सवाल्यांच्या प्राणीकेंद्रात पाठवा. तिच्या पायांची आणि नखांची अवस्था, एकटेपणा, हे सगळं कागदोपत्री पुढे आलं होतं. ती निघाली त्या रात्री गावातल्या बायका ओक्साबोक्शी रडल्या. पुढे मूक मोर्चा निघाला, लोकांनी रिलायन्सच्या जिओची सिमकार्डं बदलली. मग नांदणीजवळच हत्तींसाठी केंद्र करायचं बोलणं सुरू झालं.

मी मोर्चात होतो. माझी थोरली मुलगी घरी म्हणाली, "बाबा, तिचे पाय बघितलेत का कधी नीट?" मी तीस वर्षं सोंड बघत होतो, आशीर्वाद घेत होतो. पाय नव्हते बघितले. तरी "तिला काय कळतं आमचं प्रेम" असं कुणी म्हटलं की अजून राग येतो. मठ, गाव, कोर्ट, कंपनी, सगळे म्हणतात हत्तीण आमची. एवढे दावे तिच्यावर, आणि तिला चालायला मऊ जमीन पाहिजे होती.

---

मुक्तछंद
शनिवार, संध्याकाळी ७.३०

पंचगंगा, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

वनताराबद्दल मात्र मला धाकधूक आहे. एवढी मोठी जागा, एवढे प्राणी, एकाच उद्योगसमूहाकडे.

---

सयाजीगंज_एक्सप्रेस
शनिवार, संध्याकाळी ७.५२

धाकधूक कसली? सर्वोच्च न्यायालयानं २०२५च्या ऑगस्टमध्ये माजी न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक नेमलं, सप्टेंबरात त्यांना गैर काही आढळलं नाही. विषय संपला. उलट तिथले दवाखाने बघा. आपल्या कुठल्या कॉर्पोरेशनला जमेल? खासगी म्हटलं की लगेच संशय घ्यायची ही खोड सोडा. गुजरातेत राहून धंद्याला नावं ठेवायची म्हणजे कमालच.

---

व्यवस्थापक
शनिवार, रात्री ८.१०

वनतारावर स्वतंत्र धागा आहे, तिथे २१४ प्रतिसाद झालेत आणि तीन सदस्य रजेवर आहेत. इथे प्राणीबागांच्या मालकीपुरतंच बोला. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

मिसिसागाची_माहेरवाशीण
रविवार, पहाटे ४.५५ (तुमची)

मी मूळची दांडिया बाजारची, आता ओंटारिओत. मालकीचा प्रश्न आला की आमच्या शेजारचं उदाहरण द्यावंच लागतं.

नायगाराला बडोद्याचे पाहुणे न्यायचे म्हणजे धबधब्यानंतर ‘मरीनलँड’ ठरलेलंच होतं. जॉन होलर नावाच्या, स्लोव्हेनियातून आलेल्या माणसानं १९६१ला सुरू केलेलं. पुढे किलर व्हेल, डॉल्फिन, पांढरे बेलुगा व्हेल. आई-बाबा आले तेव्हा आम्हीही गेलो. आईनं बेलुगाच्या कपाळाला हात लावला होता, "उकडलेल्या अंड्यासारखं लागतं गं" म्हणाली होती.

मग लोकांचं मन फिरलं. २०१९च्या जूनमध्ये कॅनडानं कायदाच केला: व्हेल-डॉल्फिन नव्यानं बंदिस्त करायचे नाहीत, पैदास नाही, करमणुकीचे खेळ नाहीत. जे आधीपासून आहेत त्यांना ठेवायची मुभा. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या. होलर त्याच्या आदल्या वर्षीच, २०१८ला वारले होते. मग त्यांच्या पत्नीनं चालवलं. किस्का नावाची किलर व्हेल बरीच वर्षं एकटीच राहिली आणि २०२३ला गेली. २०२४ला मालकीणबाईही गेल्या. पार्क विकायला काढलं, प्रेक्षकांना बंद. आत तीस बेलुगा.

२०२५च्या ऑक्टोबरात त्यांना चीनमधल्या पार्कात पाठवायची परवानगी मागितली. मंत्रीबाईंनी नाकारली, कारण तिथेही खेळच करायला लागले असते. कायद्याला धरून बरोबर. तर पार्कवाले म्हणाले, पैसे संपलेत, सरकारनं मदत केली नाही तर त्यांना कायमचं झोपवावं लागेल. सरकार म्हणालं, तुमचे प्राणी, तुमची जबाबदारी. वाचून जेवण गेलं नाही मला. कायदा चांगला, मंत्र्यांचं कारण चांगलं, आणि तीस जनावरं मधल्या मधे. त्या कायद्यात आहेत त्या बेलुगांचा म्हातारपणापर्यंतचा खर्च कुणी बांधून ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

अमेरिकेतल्या ‘सीवर्ल्ड’चंही बघा. पुस्तकं छापणाऱ्या कंपनीकडून बिअरवाल्यांकडे, बिअर कंपनीच दुसऱ्यांनी घेतली तेव्हा २००९ला ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे, तिथून शेअर बाजारात. मालकांच्या लेखी तो वहीतला एक धंदा. २०१३ला किलर व्हेलवरचा माहितीपट आला, पुढे प्रेक्षक रोडावले, शेअर घसरला, आणि २०१६च्या मार्चमध्ये त्यांनी किलर व्हेलची पैदास थांबवली. म्हणजे खासगी मालक बदलतो, नक्की बदलतो, पण त्याच्या गल्ल्याला हात लागला की. सरकारी मालक कशानं बदलतो ते तुम्ही सांगा, मी बाहेर आहे.

---

फुलबाग_ग्वाल्हेर
रविवार, सकाळी ९.१५

वाचतोय. आमचं फुलबागेतलं गांधी प्राणी उद्यान १९२२चं, माधवराव शिंद्यांच्या वेळचं, आता नगरनिगमकडे. म्हणजे बडोद्यासारखीच कुंडली. आमच्याकडे वाद नाही होत, कारण इकडच्या मराठी मंडळींना गणेशोत्सवाच्या वर्गणीतून सवड मिळत नाही.

अवांतर: अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सची प्राणीबाग खासगी ठेकेदाराकडे होती, २०१६ला शहरानं परत ताब्यात घेतली आणि बंद करून पर्यावरण उद्यान करायचं ठरवलं. घोषणा एका दिवसात झाली, प्राणी हलवायला वर्षं लागली. सांद्रा नावाची ओरांगउटान २०१९ला फ्लोरिडाला पोचली. डॉक्टरसाहेबांच्या बिलाच्या मुद्द्याला दुजोरा.

---

रेवाकाठ (धागाकर्ती)
रविवार, दुपारी १.२०

माहेरवाशीण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सगळं वाचून माझं मत असं होतंय. हलवा की ठेवा, कंपनीला द्या की देऊ नका, यावर आपण भांडतो तेव्हा आज कुणाकडे असावं एवढंच बघतो. पण जनावर मालकापेक्षा जास्त टिकतं. आयुक्त बदलतात, ठेका संपतो, मालक मरतो, लोकांचा उत्साह ओसरतो, आणि मगर तशीच असते. म्हणून मी आधी एकच बघेन: मालकाचं मन उडालं किंवा पैसा संपला तर त्या जनावराचं पुढे काय, हे कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर राजा असो, महापालिका असो, मोठी कंपनी असो, मला सारखेच.

त्यातही महापालिकेच्या बागेची एक बाजू मी सोडणार नाही. तिथे मी विचारू शकते. माहितीचा अधिकार लागू आहे, नगरसेवकाला गाठता येतं, फाटकाबाहेर उभं राहून बोंबलता येतं. खासगी जागेत पाटी असते, "आत येण्यास मनाई", आणि त्यापुढे आपलं काही चालत नाही. प्राधिकरणाची मान्यता तिलाही लागते, तपासणी तिचीही होते. पण ते त्यांच्यात आणि सरकारात. आपण तिसरे.

मुक्ता, तुझ्या "नवीन आणू नका"शी मी अर्धी सहमत आहे. सिंह-वाघ गर्दीसाठी आणू नयेत. पण जखमी घार, मांज्यानं पंख कापलेला पोपट, लोकांनी घरात पाळून मग सोडून दिलेली कासवं येत राहणारच. उत्तरायणानंतरच्या आठवड्यात बडोद्यात किती पक्षी दोऱ्यात सापडतात ते तू बघितलंयस. त्यांना जागा लागेल.

आणि मगर बघायची तर काळ्या घोड्याजवळच्या पुलावर उभं राहायचं. खाली विश्वामित्रीत मोकळी पडलेली असते, गाळाच्या रंगाची, आधी दिसतच नाही. तिकीट नाही, पिंजरा नाही. एवढं कुठल्या शहराला आहे? मग तीच मगर हौदात कशाला, असं माझ्या वर्गातली पोरं विचारतील तर मला उत्तर सुचणार नाही.

---

काचेपल्याड
रविवार, दुपारी २.०५

पुलावरून खाली फुलं, प्लास्टिक आणि गणपती फेकणारेही तेच लोक, ताई. हौदातल्या मगरीला निदान प्लास्टिक मिळत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर
रविवार, दुपारी ३.४०

रेवाताईंच्या मुद्द्यावर. नुसतं धाग्यावर लिहून काय होणार? माहिती मागवा. मी सांगतो काय विचारायचं, आतल्या माणसाला पळवाट राहू नये म्हणून.

"प्राण्यांची काळजी कशी घेता" असं विचारलंत तर "नियमाप्रमाणे" असं उत्तर येईल. त्याऐवजी मागील पाच वर्षांची प्राण्यांची वार्षिक नोंद मागा: किती होते, जन्मले, आले, गेले, मेले. ती प्राधिकरणाला पाठवावीच लागते, म्हणजे कागद आहे. मेलेल्यांचे शवविच्छेदन अहवाल मागा, त्यात खरं कळतं. बागेचा मंजूर मास्टर प्लॅन मागा. पूर आल्यास कुठला प्राणी कुठे न्यायचा, पिंजरे किती, भूल देणारा माणूस कोण, याचा लेखी आराखडा मागा. आणि मंजूर पदं किती, भरलेली किती, हे विसरू नका. रखवालदाराची जागा रिकामी असली की बर्फातलं कलिंगड पहिलं बंद होतं.

आठवड्याची सुट्टी प्रेक्षकांसाठी पाळली जाते का हेही विचारा. नियमात आहे. गर्दीच्या सणाला "यंदापुरतं" म्हणून ती मोडतात, हे मी माझ्या नोकरीत बघितलंय.

---

खारीवावकाका
रविवार, संध्याकाळी ५.००

डॉक्टर, त्यात तिकिटाच्या उत्पन्नातून प्राण्यांवर किती आणि रंगरंगोटीवर किती हेही घाला. आणि गरिबांच्या शाळांना सवलत आहे का ते.

रेवाताई, मी बरोबर येतो. निवृत्त माणसाला रांगेचा कंटाळा नसतो.

---

मुक्तछंद
रविवार, संध्याकाळी ५.२५

मला पण घ्या. बंद करण्याच्या बाजूनं असले तरी आकडे मलाही हवेत. उलट मलाच जास्त हवेत.

---

रेवाकाठ (धागाकर्ती)
रविवार, रात्री ८.३०

डॉक्टरांची यादी उतरवून घेतली. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायला हवं. पूर आणि रिकामी पदं पहिल्या अर्जात, नोंदी आणि शवविच्छेदन दुसऱ्यात, म्हणजे एक अडला तरी दुसरा चालू राहील. पैशांचा काकांचा प्रश्न लेखा विभागाकडे वेगळा.

अडचण एवढीच की अर्ज गुजरातीत असला तर काम लवकर होतं, आणि मी मराठी शाळेतली. बोलते फर्राटेदार, लिहायला बसले की ह्रस्व-दीर्घावर अडते. ‘शवविच्छेदन’ला कॉर्पोरेशनच्या कागदात नेमकं काय लिहितात? कुणाला माहीत असेल तर उद्या शाळा सुटायच्या आत टाका.

---

सयाजीगंज_एक्सप्रेस
रविवार, रात्री ८.४१

સોડો... म्हणजे सोडा, कीबोर्ड गुजरातीवर राहिला. मसुदा मला पाठवा ताई, मी करून देतो. पोस्टमॉर्टम म्हणतात तिथेही. आणि खासगीबद्दलचं माझं मत तेच आहे.